धातूचा व्हॉल्व्ह की टिश्यूचा? आमच्या घरातल्या दोन ऑपरेशनांवरून

माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं. त्या एका घरात हृदयाचे दोन व्हॉल्व्ह बदललेले आहेत. धाकट्या भावाचा मायट्रल, ३४व्या वर्षी, धातूचा. वडिलांचा, म्हणजे आबांचा, एऑर्टिक, ६९व्या वर्षी, टिश्यूचा. दोघं एकाच चुलीवरचं जेवतात, एकाच शेतात राबतात. तरी एकाला एक व्हॉल्व्ह सुचवला गेला आणि दुसऱ्याला दुसरा, आणि आज मला दोन्ही निर्णय योग्य वाटतात.

मी अमळनेर शहरात राहते. दोघांच्या फायली, दोघांच्या तपासण्या माझ्याकडे असतात. त्यामुळे नात्यागोत्यात कुणाच्या इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर 'सिव्हिअर', म्हणजे गंभीर, लिहून आलं की फोन मला येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, वॉल कोणता चांगला?" फोनवर पाच मिनिटांत सांगता येण्यासारखं ते नाही, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे. डॉक्टरांसमोर बसण्याआधी हे वाचलं तर तिथे काय विचारायचं ते कळेल. गोळ्या मात्र हे वाचून बदलू नका.

माझं मत आधीच सांगते. व्हॉल्व्ह निवडताना लोक दोन गोष्टी मोजतात, किंमत आणि तो किती वर्षं टिकेल. तिसरी मोजायची राहून जाते, ती म्हणजे रक्त तपासायची लॅब आपल्या घरापासून किती लांब आहे आणि धातूचा बसवला तर दर महिन्याला तिथे जाणं आपल्याच्याने आयुष्यभर होणार आहे का. आमच्या खान्देशात ही तिसरी गोष्टच पुष्कळदा सगळ्यात मोठी ठरते.

आधी स्वतःचा व्हॉल्व्ह वाचतो का ते बघा

हृदयात चार झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, असतात. त्यातल्या डाव्या बाजूच्या दोन, मायट्रल आणि एऑर्टिक, जास्त बिघडतात. बिघाडही दोन तऱ्हेचा असतो. झडप आखडून तोंड लहान होतं, किंवा ती नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळतं. काहींना दोन्ही असतं.

भावाला लहानपणी घसा धरून ताप यायचा, मग गुडघे सुजायचे. आज हा गुडघा, उद्या घोटा. आई निरगुडीचा शेक द्यायची, आठ-दहा दिवसांत उतरायचं. तो संधिवाताचा ताप होता, ज्याला ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात, हे आम्हाला वीस वर्षांनी कळलं. घशातल्या जंतूंशी लढताना शरीर स्वतःच्याच झडपांवर उलटतं, आणि त्याची खूण पुढे दहा-वीस वर्षांनी दम लागायला लागला की दिसते. आपल्याकडे तिशी-चाळिशीत व्हॉल्व्ह बदलावे लागतात त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. आबांचं वेगळं होतं. त्यांच्या झडपेवर वयाने कॅल्शियम साचलं होतं.

मायट्रल नुसती आखडलेली असेल, पाकळ्या अजून मऊ असतील, गळती फारशी नसेल आणि आत रक्ताची गाठ नसेल, तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती उघडता येते. छाती उघडावी लागत नाही, एक-दोन दिवसांत घरी सोडतात, आणि चांगल्या केसमध्ये पुढची कित्येक वर्षं निभावून जातात. गळणारी मायट्रल अनेकदा दुरुस्त होते. आत कडं बसवून, दोऱ्या नीट करून आपलीच झडप कामाला लावतात. ऱ्हुमॅटिक झडपेची दुरुस्ती अवघड असते, आणि तिचा हात बसलेले सर्जन थोडे. पण विचारायला पैसे पडत नाहीत. "फुग्याने होईल का? दुरुस्ती होईल का? नसेल होत तर का नाही?" हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय बदलायच्या गोष्टीवर येऊ नका. भावाच्या पाकळ्या कॅल्शियमने चिकटल्या होत्या आणि गळतीही होती, म्हणून त्याला तो रस्ता मिळाला नाही. डॉक्टरांनी पडद्यावर इको दाखवून ते समजावलं, तेव्हा आमच्याही मनाचं समाधान झालं.

दोन्ही व्हॉल्व्ह समोरासमोर

धातूचा म्हणतात खरं, पण आजच्या बहुतेक मेकॅनिकल व्हॉल्व्हच्या पाकळ्या एका खास तऱ्हेच्या कडक कार्बनच्या असतात. दोन अर्धगोल पाकळ्या, दरवाजासारख्या उघडझाप करणाऱ्या. आपल्या देशात तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेला चित्रा व्हॉल्व्ह वेगळा आहे. त्यात एकच तबकडी कलंडते. तो माणसाला पहिल्यांदा बसवला डिसेंबर १९९० मध्ये, आणि परदेशी व्हॉल्व्ह परवडत नसलेल्या लोकांना त्याचा मोठा आधार झाला. टिश्यूचा व्हॉल्व्ह गाईबैलाच्या हृदयावरच्या पडद्यापासून किंवा डुकराच्या झडपेपासून, रसायनात प्रक्रिया करून तयार करतात.

हे शेवटचं वाक्य घरात मोठ्याने बोलायला लोक कचरतात. आमच्या ओळखीच्या एका जैन कुटुंबाला ऑपरेशन झाल्यावर कळलं आणि आजोबा कित्येक दिवस अस्वस्थ होते. मुसलमान कुटुंबातही डुकराचा प्रश्न येतोच. यात लाजण्यासारखं काही नाही. सर्जनला आधी स्पष्ट विचारा, हा कोणत्या प्राण्याचा आहे. पर्याय असतो. आबा माळकरी आहेत. त्यांना आम्ही आधी सांगितलं, ते रात्रभर गप्प बसले आणि सकाळी "चालेल" म्हणाले. तो निर्णय त्यांचा होता, म्हणून आज त्यांच्या मनात काही डाचत नाही.

धातूच्या व्हॉल्व्हची मोठी जमेची बाजू टिकाऊपणा. तो झिजत नाही, बहुतेकांना जन्मभर पुरतो. पण परक्या वस्तूवर रक्त गोठू पाहतं, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, मरेपर्यंत घ्यावी लागते. ती चुकली तर व्हॉल्व्ह अडकू शकतो किंवा गाठ मेंदूत जाऊन लकवा मारू शकतो. जास्त झाली तर रक्तस्राव. हा धोका मायट्रल जागेवर एऑर्टिकपेक्षा जास्त असतो.

टिश्यूच्या व्हॉल्व्हला सुरुवातीचे साधारण तीन महिने रक्त पातळ करायची गोळी देतात, काहींना सहा. नंतर बहुतेकांना नुसती ॲस्पिरिन. पण तो झिजतो. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसात दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहून जास्त. तरुण शरीरात मात्र त्याच्यावर लवकर कॅल्शियम चढतं आणि दहा वर्षांच्या आतही तो जाऊ शकतो, मायट्रल जागेवर तर आणखी लवकर. मग दुसरं ऑपरेशन, आणि चिकटलेल्या छातीत पुन्हा शिरणं पहिल्यापेक्षा जोखमीचं.

अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना एऑर्टिकसाठी ५० च्या आत धातूचा, ६५ च्या वर टिश्यूचा आणि मधल्या वयात रुग्णाशी बोलून ठरवा, असं सांगतात. मायट्रलला ६५ च्या आत धातूकडे कल. युरोपच्या २०२१ च्या सूचनांत एऑर्टिकसाठी ६० च्या आत धातूचा सांगितला आहे. दोन्हीकडे रुग्णाची इच्छा आणि गोळीवर नीट लक्ष ठेवता येईल का, या गोष्टी वयाच्या बरोबरीने मोजायला सांगितल्या आहेत. आपण मात्र वयाचा आकडा तेवढा पाठ करतो.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक विचारात घेतात. मायट्रल बरीच वर्षं खराब असेल तर हृदयाचे ठोके अनियमित होतात. ते ऑपरेशननंतरही तसेच राहिले तर टिश्यूचा बसवूनही रक्त पातळ करायची गोळी सुटत नाही. मग टिश्यूचा मोठा फायदाच गेला. भावाचं तेच होतं, ठोके आधीपासून अनियमित. ३४ वर्षं वय, गोळी तशीही लागणारच, मग दहा वर्षांनी पुन्हा छाती कशाला उघडायची? त्याचा निर्णय तिथेच झाला.

आबांच्या बाबतीत उलट. ठोके नियमित, वय ६९, आणि विसरभोळेपणा वाढत चाललेला. सकाळची बीपीची गोळी दोनदा घ्यायचे. अशा माणसाच्या हाती रक्त पातळ करायची गोळी द्यायला मन धजेना.

आवाजाचंही सांगते. धातूचा व्हॉल्व्ह वाजतो. डिस्चार्जनंतर पहिल्या रात्री भाऊ मला म्हणाला, "ताई, छातीमा घड्याळ वाजस." उघड्या तोंडाने बसला तर शेजारच्यालाही टिक्‌टिक्‌ ऐकू येते. दोन-तीन महिन्यांत त्याला सवय झाली. वहिनी म्हणते, तो आवाज ऐकल्याशिवाय आता तिलाच झोप येत नाही. त्या आवाजाचा उपयोगही आहे. तो बसका झाला किंवा बंद पडला आणि दम लागायला लागला, तर व्हॉल्व्ह अडकल्याची शक्यता असते. तेव्हा सकाळ होण्याची वाट पाहू नये, त्याच क्षणी मोठ्या दवाखान्याकडे निघावं.

आयएनआरची वही

रक्त किती पातळ झालं आहे हे आयएनआर नावाच्या तपासणीत कळतं. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा एकच्या आसपास असतो. धातूच्या एऑर्टिक व्हॉल्व्हला तो साधारण २ ते ३ ठेवतात, मायट्रलला २.५ ते ३.५. नेमका आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील, पण तो फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. आपल्याकडे बहुतेकांना ॲसिट्रॉम देतात, काहींना वॉरफरिन. दोन्ही एकाच कामाच्या असल्या तरी एकीच्या जागी दुसरी आपल्या मनाने घ्यायची नाही. जाहिरातीत दिसणाऱ्या, तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या धातूच्या व्हॉल्व्हला चालत नाहीत. एका नव्या गोळीची चाचणी २०१२ मध्ये गाठी आणि रक्तस्राव वाढल्यामुळे थांबवावी लागली होती, दुसरीची २०२२ मध्ये.

सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा तपासणी होते, आकडा बसला की महिन्यातून एकदा. आता हिशेब करा. ३४व्या वर्षी बसवलेला व्हॉल्व्ह, वर्षाला बारा फेऱ्या, ७० व्या वर्षापर्यंत चारशेच्या वर. भाऊ दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी एसटीने येतो, लॅबमध्ये रक्त देतो, माझ्याकडे जेवतो, दुपारी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना फोटो पाठवतो आणि संध्याकाळी गोळीत काही बदल असेल तर कळतो. शंभर पानी वहीत तारीख, आकडा, डोस असे तीन रकाने. मागे भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज गोळी घेतली की वहिनी फुली मारते. हे सगळं जमतं कारण गाव शहरापासून चौदा किलोमीटरवर आहे आणि माझं घर शहरातच आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यावरून, पावसाळ्यात नाल्याला पूर आलेला असताना, हेच कसं जमेल? अशा घरातल्या ५०-५५ वर्षांच्या माणसाने टिश्यूचा घेऊन पुढे दुसऱ्या ऑपरेशनची शक्यता पत्करली, तर मी त्याला चुकीचं म्हणणार नाही. बोटातल्या थेंबावर घरीच आयएनआर मोजायचं यंत्र मिळतं. यंत्र आणि पट्ट्या महाग आहेत, पण चार-पाच रुग्णांनी किंवा गावाने मिळून घेतलं तर फेऱ्या वाचतील, असं मला फार वाटतं.

एक प्रसंग सांगते. दुसऱ्या वर्षी भावाला ताप-खोकला आला. गावाजवळच्या एका दवाखान्यात त्याला कमरेत इंजेक्शन दिलं, अँटिबायोटिक आणि अंगदुखीच्या गोळ्या दिल्या. तिथे कुणी विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही. चौथ्या दिवशी कमरेवर भाकरीएवढा काळानिळा गोळा. आयएनआर ६.१. आठ दिवस ॲडमिट राहावं लागलं. अंगदुखीच्या बहुतेक गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, काही अँटिबायोटिक आयएनआर झपाट्याने वर नेतात, आणि स्नायूत दिलेली सुई आत रक्त साचवू शकते. काढे-चूर्णांचंही तसंच, त्यात काय आहे हे देणाऱ्यालाही कधी माहीत नसतं. त्या दिवसापासून भावाच्या पाकिटात एक कार्ड असतं: व्हॉल्व्ह कोणता, कधी बसवला, गोळी कोणती, आयएनआर किती हवा, डॉक्टरांचा नंबर. ऱ्हुमॅटिकच्या रुग्णांना तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई व्हॉल्व्ह बदलल्यावरही चालू ठेवायला सांगतात. ती कशी द्यायची, की गोळ्या चालतील, हे हृदयाच्या डॉक्टरांनाच विचारून ठरवा. स्वतःहून बंद करू नका.

गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन एकदम घेऊ नयेत. दुकानदाराकडून पट्टी घेताना त्यावरचे मिलिग्रॅम दर वेळी वाचावेत, ॲसिट्रॉम वेगवेगळ्या मिलिग्रॅमची मिळते आणि फरक जिवावर बेतू शकतो.

भरीत, मेथी आणि गोळी

हिरव्या भाज्यांतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करतं. म्हणून 'पालेभाजी बंद' असा सल्ला तोंडोतोंडी फिरतो. तो अर्धवट आहे. पालेभाजी सोडायची नाही, प्रमाण सारखं ठेवायचं. डोस तुमच्या नेहमीच्या जेवणावर बसवलेला असतो. जेवण बदललं की आकडा हलतो.

आमच्याकडे हे हिवाळ्यात कळतं. शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात, आणि आपल्या भरतात वांग्याइतकीच कांद्याची पात पडते. वांग्यात के जीवनसत्त्व फारसं नाही, पातीत भरपूर आहे. त्यात घरोघरी मेथी, पालक, पोकळा, वर कोथिंबीर. पहिल्या डिसेंबरात भावाचा आयएनआर १.८ वर आला तेव्हा आम्ही घाबरलो. मग वहीवरून लक्षात आलं, त्या पंधरवड्यात पाच वेळा भरीत झालं होतं. आता तो भरीत खातो, पण आठवड्यातून एकदा, आणि हिरवी भाजी बाराही महिने आठवड्याला तीन दिवस. कळण्याची भाकरी, शेवभाजी, डाळ यांनी आकडा हलत नाही. तिखट-तेल-मिठाचा विचार हृदयासाठी वेगळा करायचा. केळ्याने आयएनआर बिघडत नाही. मात्र पाणी काढायच्या काही गोळ्यांनी अंगात पोटॅशियम वाढतं, तेव्हा किडनी नाजूक असेल तर केळ्याचं डॉक्टरांना विचारा. दारूने आकडा कुठेही जातो, ती नकोच.

शेतीकामाबद्दल सगळे विचारतात. भाऊ शेती करतो. विळ्याने कापलं तर स्वच्छ कापड दहा-पंधरा मिनिटं न सोडता दाबून धरतो, सारखं उघडून बघत नाही. झाडावर चढत नाही, मारक्या बैलाजवळ जात नाही, मोटारसायकलला हेल्मेटशिवाय हात लावत नाही. डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी सीटी स्कॅन करायचा, हे घरातल्या पोरांनाही पाठ आहे.

मांडीतून बसवायचा व्हॉल्व्ह

आबांच्या वेळी हा पर्यायही निघाला. मांडीच्या धमनीतून घडी केलेला टिश्यू व्हॉल्व्ह नेऊन जुन्या एऑर्टिक झडपेत उघडतात, त्याला टावी म्हणतात. फ्रान्समध्ये २००२ मध्ये तो पहिल्यांदा केला गेला. ८० च्या पुढचे किंवा छाती उघडणं न झेपणारे रुग्ण यांच्यासाठी तो वरदान आहे. आता भारतातही असे व्हॉल्व्ह बनतात, तरी खर्च उघड्या ऑपरेशनच्या कितीतरी पट. आबांची तब्येत उघडं ऑपरेशन झेपण्याइतकी होती. पण टिश्यूचा घेणाऱ्याने एक गोष्ट सर्जनशी जरूर बोलावी: पुढे हा व्हॉल्व्ह झिजला तर त्याच्याच आत मांडीतून दुसरा बसवता येईल का? त्यासाठी पहिला व्हॉल्व्ह शक्य तेवढा मोठ्या आकाराचा बसायला हवा. १९ किंवा २१ नंबरच्या, म्हणजे लहान आकाराच्या, व्हॉल्व्हच्या आत दुसरा घातला की रक्ताला जागा कमी उरते.

ऑपरेशनच्या आधीचे दिवस

आबांना पायऱ्या चढताना छाती दाटायची. एकदा शेतातून येताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन बांधावर बसले. तरी म्हणाले, "आते कापूस वेचाना टाइम शे, नंतर देखू." एऑर्टिक आखडलेली असताना दम, छातीत दुखणं किंवा चक्कर सुरू झाली की पुढचा काळ वर्षांत मोजावा लागतो, तोही दोन-तीन. कापूस शेजारी वेचतील. डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा, स्वतःहून हंगाम पाहू नका.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष दातांकडे होतं. किडक्या दातातले जंतू रक्तातून जाऊन नव्या व्हॉल्व्हवर घर करतात, आणि तो संसर्ग ऑपरेशनपेक्षा भयंकर. आबांचे दोन दात सडलेले निघाले, ते काढून हिरड्या भरेपर्यंत ऑपरेशन अठरा दिवस पुढे गेलं. मुंबईला जाऊन खोली भाड्याने घेतल्यावर हे कळलं, सगळा खर्च वाया. म्हणून तारीख ठरायच्या आधी गावातच दात दाखवून चिठ्ठी घ्या. पुढेही आयुष्यभर, व्हॉल्व्ह कोणताही असो, दात काढण्याआधी किंवा खोल साफ करण्याआधी अँटिबायोटिकचा डोस लागतो. दाताच्या डॉक्टरांना ते सांगायचं.

नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, सातपुड्याच्या पायथ्याच्या सगळ्या भागातल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम. भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल बऱ्याच जणांत असतो, अनेकांना तो असल्याचं माहीतही नसतं. हृदय थांबवून यंत्रावर रक्त फिरवताना शरीर थंड करतात, प्राणवायू कमी-जास्त होतो, आणि अशा वेळी सिकलसेलच्या पेशी वाकड्या होऊन अडकू शकतात. आधी माहीत असेल तर भूलतज्ज्ञ आणि सर्जन त्याची तयारी करतात. सिकलसेलची तपासणी मागून करून घ्या, रिपोर्ट फाइलमध्ये वरच लावा.

चाळिशीच्या पुढे बहुधा अँजिओग्राफी करतात, म्हणजे ब्लॉकेज असेल तर एकाच वेळी बायपास होतो. ती जळगाव-धुळ्याला करून सीडी सोबत नेली तर एक फेरा वाचतो. मात्र ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना ती चालेल का हे आधी विचारा. तंबाखू, मिश्री, बिडी निदान महिनाभर आधी सुटायला हवी. आबांची तंबाखू सुटायला दीड महिना लागला, आणि त्या दीड महिन्यात घरातलं कुणीही त्यांच्यासमोर चुना मळला नाही. साखर ताब्यात हवी, रक्त कमी असेल तर आधी भरून काढायचं. रक्त पातळ करायच्या आणि शुगरच्या काही गोळ्या ठरावीक दिवस आधी बंद करायच्या असतात. कोणती किती दिवस, हे तोंडी ऐकून घेऊ नका, कागदावर घ्या. फुप्फुसांच्या व्यायामासाठी तीन चेंडूंचं एक प्लास्टिकचं खेळण्यासारखं यंत्र असतं. ते फुंकायचं वाटतं, पण खरं तर श्वास आत ओढायचं आहे. त्याची सवय घरूनच लावा, ऑपरेशननंतर पहिल्यांदा हातात आलं तर दुखण्यापायी कुणी करत नाही. उशी छातीशी घट्ट धरून खोकायचीही तशीच सवय.

घराची तयारी बायकांनीच करायची असते, म्हणून लिहिते. छातीचं मधलं हाड तारांनी शिवलेलं असतं, ते जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर हातावर जोर देऊन उठायचं नाही. झोळी पडलेली बाज उपयोगाची नाही, टणक आणि उंच पलंग हवा. संडास खाली बसायचा असेल तर खुर्ची आणून ठेवा. पाण्याची बादली, पोतं, नातवंड, काही उचलायचं नाही, मोटारसायकल नाही. आणि ऑपरेशन उन्हाळ्यात आलं तर आपल्या ४५ अंशांच्या उन्हात पाणी काढायच्या गोळ्यांनी चक्कर येते. रोज सकाळी वजन लिहा, अचानक घटलं किंवा वाढलं तर फोन करा.

पैशांबद्दल थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत व्हॉल्व्ह बदलण्याचं ऑपरेशन बसतं. नाशिक, मुंबईला निघण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राशी (दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनिसाशी) बोला. योजनेत कोणता व्हॉल्व्ह मिळतो, कागद कोणते लागतात, रक्तदाते किती आणायचे, हे तीन प्रश्न. सुरत किंवा इंदूर जवळ पडत असेल तर आपलं कार्ड तिथे चालतं का ते आधी पक्कं करा. बिलाचा आकडा एकदाच येतो. लॅब, एसटी आणि बुडालेली मजुरी मात्र दर महिन्याला येते. धातूचा व्हॉल्व्ह घेताना स्वस्त पडतो, हे अर्धंच खरं आहे.

मुलगी तरुण असेल तर

सगळ्यात अवघड निवड हीच. पारोळ्याकडची आमच्या नात्यातली एक मुलगी, २२ वर्षांची, मायट्रल खराब, फुग्याने होण्यासारखी नाही. घरचे म्हणतात, एकदाच काय ते धातूचं करून टाका, म्हणजे स्थळं बघायला मोकळे.

पण रक्त पातळ करायची ही गोळी पोटातल्या बाळाला, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, इजा करू शकते. गोळी बदलून इंजेक्शनं घेतली तर व्हॉल्व्हवर गाठ होण्याची भीती वाढते. म्हणजे धातूच्या व्हॉल्व्हवर गरोदरपण होऊच शकत नाही असं नाही, डोस कमी असेल तर बाळाचा धोकाही कमी असतो, पण नऊ महिने आईच्या आणि बाळाच्या जिवाची ओढाताण चालू राहते आणि मोठं हॉस्पिटल जवळ लागतं. मासिक पाळीतला रक्तस्रावही वाढतो, त्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. टिश्यूच्या व्हॉल्व्हवर, ठोके नियमित असतील तर, बाळंतपण बरंच सोपं जातं. बदल्यात तिशी-पस्तिशीत दुसरं ऑपरेशन जवळपास नक्की.

मला स्वतःला, मूल हवं असणाऱ्या मुलीसाठी टिश्यूचा बरा वाटतो, दुसरं ऑपरेशन डोळ्यांसमोर ठेवून. पण हे ठरवताना ती मुलगी खोलीत हवी. आई-वडील आणि मामा आत बोलताहेत आणि ती बाहेर बाकावर बसलेली, हे मी पाहिलं आहे. शरीर तिचं आहे, गोळी ती घेणार, ऑपरेशन तिचं होणार. आणि होणाऱ्या सासरी सगळं सांगूनच लग्न व्हावं. लपवलेली गोळी चुकते.

मागच्या सोमवारी ती एकटीच माझ्याकडे आली. भावाची वही तिने तासभर चाळली, प्रत्येक महिन्याचा आकडा बोट ठेवून वाचला. डिसेंबरचं १.८ दिसल्यावर थांबली, भरताचं सांगितल्यावर हसली. मग ६.१ चं पान तिने दोनदा वाचलं. पुढच्या आठवड्यात सर्जनकडे ती स्वतः आत जाणार आहे, प्रश्न कागदावर लिहून नेते आहे. निघताना चप्पल घालता घालता तिने विचारलं, अमळनेरची लॅब रविवारी उघडी असते का. असते, दुपारी बारापर्यंत.